डाव्या हाताचं काम

मांडी घालून बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवा आणि थोडा वेळ त्यांच्याकडेच बघा.

आता मनानं वर्ध्याला या, मगनवाडीत. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, मगनलाल गांधींच्या नावाचं मगन संग्रहालय. इथे नाना तऱ्हेचे चरखे जपलेत. पाट्या नंतर वाचू. आधी एवढंच बघा, कुठल्या हाताला काय काम.

जुना, मोठ्या चाकाचा चरखा घ्या. उजवा हात चाक फिरवतो. डाव्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी. तो हळूहळू मागे न्या. हात खांद्यामागे गेला की थांबा. चाक जरासं उलटं फिरवा, चातीच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईच्या, टोकावरचे वेढे सुटू द्या, मग सुलटं. सूत चातीवर बसलं. चिमूट आवळली तर तुटतं, सैल सोडली तर जाड-बारीक होतं. दोन-चारदा करून बघा. घाई नाही.

पेटी चरखा येरवड्याच्या तुरुंगात घडला. मोठ्या चाकाची माळ, म्हणजे दोरी, छोट्या चाकावर, छोट्याची चातीवर. वेग दोनदा वाढतो, म्हणून एवढीशी चाकं पुरतात आणि सगळं पेटीत मिटतं. पण डाव्या हाताचं काम तेच.

1929 साली चांगल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. किंमत 150 रुपयांच्या आत, आयुष्य 20 वर्षं, आणि साध्या बाईला 8 तास न थकता चालवता यावा! शेवटची अट घालणं सोपं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मगन चरखा पायानं चालतो, चात्या दोन. उजवा हात मोकळा झाला, पण विसाव्याला नाही. तोही सूत ओढायला बसला. इथे जरा थांबा. दोन हात, दोन धागे, आणि दोन्हींकडे एकदमच लक्ष.

आणि अंबर चरखा, तमिळनाडूच्या एकंबरनाथांचा. त्यात रुळांच्या जोड्या. पुढची मागचीपेक्षा जलद फिरते आणि कापूस आपोआप ताणला जातो. गिरणीतली युक्ती. सूत भराभर निघतं. उजवा हात फिरवतो. डाव्याला काम तुटलेला धागा सांधण्यापुरतं.

डावा तळवा अजून उताणाच असेल. अंगठा तर्जनीवर हलके घासा. पेळू आहे असं समजा. आता हात मागे न्या, सावकाश.