गांधीलमाशी दोषी आहे काय?

कुंभारीण माशी अळी उचलून आपल्या मातीच्या घरांत नेते, हें तुम्हीं पाहिलेंच असेल. ती अळीभोवतीं गुणगुणत राहते व त्या ध्यासानें अळी तिच्याच रूपाची होते, असें आपले वडील सांगत, आणि गुरुशिष्यांस कीटभ्रमराचा दृष्टांत देत. खरें पाहतां ती अळी माशीच्या पिलाचा आहार असते.

हिच्याच जातभाईंपैकीं कॅम्पोलेटिस नांवाची एक बारीक गांधीलमाशी हरभऱ्यावर येते. नळदुर्गकडील काळ्या रानांतल्या शेतकऱ्यास घाटेअळी कांहीं नवी नाहीं. ही माशी त्या अळीस कोवळ्या वयांतच टोंचते व तिच्या देहांत एक अंडें घालते. पिलूं जिवंत अळीस आंतून खाऊन बाहेर येतें व कोष विणतें.

एवढ्या रानांत तिला अळी सांपडते कशी? मुख्यतः वासानें. अळीनें कुरतडलेलें पान निराळाच गंध सोडतें. अळीची लाळ जखमेस लागली म्हणजे मक्याचें रोप असा गंध सोडतें व त्या गंधावर अशीच एक माशी येते, हें १९९० सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. जवळ आल्यावर अळीच्या विष्ठेचा वासही तिला वाट दाखवितो. अळी खाल्ल्यावांचून जगत नाहीं, आणि तिचें खाणेंच तिचा ठाव सांगतें.

हें ऐकून मन शहारतें. दयाळू ईश्वरानें असे कीटक हेतुपूर्वक निर्मिले असतील, हें आपणांस पटत नाहीं, असें डार्विननें १८६० सालीं आपल्या एका मित्रास लिहिलें. तो याच कुळांतील माश्यांविषयीं लिहीत होता. प्रश्न मोठा आहे, व त्याचें पूर्ण उत्तर मजपाशीं नाहीं. परंतु माशीस क्रूर म्हणावें काय, एवढें तरी आपण विचारूं शकतों.

कोणी म्हणेल, ती शिकते, मग ती जाणती नव्हे काय? ती शिकते हें खरें. एकदां ज्या वासापाशीं अळी भेटली, त्याच वासाकडे ती पुन्हां वळते. पण अळी कोठें आहे हें कळणें निराळें, आणि अळीचें काय होईल हा विचार करणें निराळें. जिला दुसरा मार्ग निवडतां येत नाहीं, तिला दोष कसा लावावा? वडिलांनीं तिला गुरु केलें, आपण तिला खुनी म्हणतों. दोन्ही नांवें आपलींच.

निवड आपणांस आहे. एक अळी दिसतांच विष फवारलें, तर तें अळीसह तिच्या वैरिणीसही मारतें. डोक्यावर कर्ज असलेल्या शेतकऱ्याचें भय मी जाणतों व त्यास कठोर शब्द बोलत नाहीं. तथापि हरभऱ्याच्या दर मीटर ओळींत १-२ अळ्या आढळल्यावरच उपाय करावा, असें कृषितज्ज्ञ सांगतात. म्हणून, बंधूंनो, पंप पाठीवर घेण्यापूर्वीं ओळींतून चालत जा, अळ्या मोजा, आणि सुकलेल्या अळीशेजारीं लहानसा कोष दिसतो काय तेंही पाहा. माशीला असें थांबून पाहतां येत नाहीं. आपणांस येतें, आणि म्हणूनच त्याचा जाब आपणांस द्यावा लागतो.