रबरी मॅटखालची जागा

२००९ ची दिवाळी झाली आणि आमच्या दारात पांढरी ओम्नी व्हॅन आली. आठ वर्षं वापरलेली, मुंबईकडची. आमच्या पारनेर तालुक्यातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. तिथल्या मेव्हण्याने गाडीबाजारातला एक दलाल गाठून दिला. सत्तर हजार मोजले. माळशेज घाट चढून, टाकळी ढोकेश्वरवरून गाडी गावात आली तेव्हा अशी चकाकत होती, की ओवाळायला आलेल्या बाया दारात आपलं तोंड बघत होत्या.

दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाकाच्या वर रंगाला फोड आला, भाकरीला येतो तसा. मी अंगठ्याने दाबला तर अंगठाच आत गेला. रंगाखाली बोटभर जाड पुट्टी, पुट्टीखाली तारेची जाळी, जाळीमागे चुरगळून कोंबलेलं वर्तमानपत्र, आणि त्याच्यामागे काहीच नाही. पत्रा खाऱ्या हवेने कधीच खाल्ला होता. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. खड्डा झाकणाराचा होता.

दलालाला फोन लावला. मी पुष्कळ बोललो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतं."

मी फोन ठेवला. कारण खरंच विचारलं नव्हतं.

गॅरेजवाल्याने पंधरा हजार सांगितले, म्हणून थोरल्याला हाताशी घेऊन अंगणातच काम काढलं. त्या आठ दिवसांत गंज म्हणजे काय ते कळलं. लोखंडाला पाणी आणि हवा एकदम भेटली की गंज धरतो, मीठ असलं की लवकर धरतो. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो, रंगाला खालून उचलतो. म्हणून गंजावर कितीही भारी रंग मारा, पापुद्रा निघणारच. दाराच्या तळाला बारकी भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथून निघून जावं म्हणून. आमच्या गाडीची ती भोकं मातीने बुजलेली होती. दार आतल्या आत पाणी साठवून कुजत होतं आणि बाहेरून पांढरं शुभ्र दिसत होतं.

दिसतो त्याच्या दुप्पट गंज खरवडावा लागतो. तारेचा ब्रश, मग ग्राइंडर, मग जाड पॉलिश पेपर, पत्रा चांदीसारखा उघडा पडेपर्यंत. कुजलेला भाग कापून वेल्डिंगवाल्याकडून ठिगळ मारून घेतलं. थिनरने पुसलं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात दिला, कारण दमट हवेत उघडा पत्रा रातोरात लालसर पडतो. पुट्टी लावली, पण पातळ, नुसता खडबडीतपणा भरण्यापुरती. वॉटर पेपरने घासून, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून दोन हात रंग मारला. खालून जळकं ऑइल चोपडलं, नांगराच्या फाळाला हंगाम संपल्यावर चोपडतो तसं. रंग जुन्याशी तंतोतंत जुळला नाही. पण ती जागा नंतर कधी फुगली नाही.

इथवर सांगायला मला बरं वाटतं. पुढचं सांगायला तेवढं बरं वाटत नाही.

२०१६ ला गाडीला पंधरा वर्षं भरली. पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात मधल्या सरकत्या दाराच्या पायरीशी, सीटचे बोल्ट बसतात तिथे, तळ गेलेला सापडला. वेल्डिंगवाला म्हणाला, सीट काढून तळ कापावा लागंल, नवा पत्रा टाकावा लागंल, सहा हजार. कांद्याने त्या वर्षी गाडीभाडंही दिलं नव्हतं. मी पत्र्याचा तुकडा वरून ठेवला, पुट्टी दाबली, रंग मारला आणि त्यावर रबरी मॅट अंथरली. पुढच्या वर्षी नीट करू म्हटलं. ते पुढचं वर्ष आलंच नाही.

२०१८ ला गाडी विकायला काढली. शेजारच्या गावचा पोरगा आला, पंचविशीचा. सकाळी दूध घालायचं आणि मग वस्तीवरची लेकरं शाळेत सोडायची, असा त्याचा बेत. बेचाळीस हजारांना ठरलं. दोन हजार इसार दिला. इंजिन ऐकलं, टायर बघितले, हॉर्न वाजवला. मॅट उचलली नाही.

रात्री झोप लागेना. माझ्या तोंडात त्या दलालाचं वाक्य तयार होतं: त्याने विचारलं नव्हतं. मी स्वतःशी भांडत होतो. बाजारात सगळेच सजवून नेतात. आपण कांद्याची गोणी भरताना चांगला माल वर ठेवतो, बैलाची शिंगं रंगवतो. मग ते काय पाप आहे का?

पण काष्टीच्या बाजारात बैल घेणारा दात मोजतो, चालवून बघतो, भोवरा कुठे आहे ते हाताने चाचपतो. बापाच्या मागे फिरून तो हे लहानपणीच शिकलेला असतो. कांद्याचा व्यापारी गोणी पालथी करून बघतो. तिथे दोघांनाही खोड कुठे असते ते ठाऊक आहे, म्हणून सजावट चालून जाते. विचारायला आधी माहीत असावं लागतं. त्या पोराला तळ कुजतो हेच माहीत नव्हतं, तो विचारणार काय? आणि त्या जागेवर परक्याची लेकरं पाय ठेवणार होती. रंग खोटा नसतो. पण ज्या जागेवर दुसरा आपला भार टाकणार आहे, ती जागा कच्ची असली तर ते न विचारता सांगावं लागतं. मला त्या रात्री इतकंच सापडलं.

सकाळी त्याला बोलावलं. मॅट उचलली आणि स्क्रू ड्रायव्हर आरपार घातला. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तात्या, काल का नाय सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस हजारांत गाडी गेली.

ही चुलीपुढून म्हणाली, "तुमचं खरं नेहमी माझ्या वाट्यातून जातं." पावसाआधी घराचं पत्रं बदलायचं ठरलं होतं, ते राहिलं. ती खोटं बोलत नव्हती. खरेपणाची किंमत एकटा माणूस भरत नाही, घर भरतं, आणि घराला मी विचारलं नव्हतं.

पोराने तळ नवा करून घेतला. दोन वर्षं लेकरं नेली-आणली. पुढे भाळवणीच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, गाडी विकली. म्हटलं, दाराखालचा गंज पुन्हा वर आला असंल ना? तो हसला. "पुट्टी भरली अन् चकाचक रंग मारला. त्यांनी विचारलं नाय, तात्या."

मी उभा होतो तिथेच उभा राहिलो. बारा हजार गेले, बायकोचा राग झाला, आणि ते वाक्य फिरून पुन्हा बाजारातच.

आमच्या पारनेरला १८८० साली सेनापती बापट जन्मले. विलायतेला जाऊन बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस पुढे हातात झाडू घेऊन गावातले रस्ते आणि गटारं साफ करायचा. आज झाडलेला रस्ता उद्या घाण होणार हे त्यांना काय कळत नव्हतं? तरी उद्या पुन्हा झाडू हातात. त्यांच्या पायाच्या धुळीइतकीही माझी लायकी नाही. पण त्या दिवशी बाजारातून परतताना मला त्यांचा झाडू आठवला. दोन वर्षं जी लेकरं त्या तळावर बसली, त्यांच्यापुरतं तरी माझं सांगणं वाया गेलं नव्हतं. पुढच्या गिऱ्हाइकाचं मी काय करणार? पोराला मात्र एवढं म्हटलं, "दाराचा तळ आहे, उघडून बघा, असं त्यांना फोन करून सांग." त्याने मान डोलावली. फोन केला की नाही, ते मी विचारलं नाही.

आता ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. दर दिवाळीनंतर तिचा तळ खरवडून रेड ऑक्साइड मारतो. खताचा खारटपणा पत्र्याला समुद्रासारखाच खातो. नातू ब्रश धरून मदतीला असतो. घाईने गंजावरच रंग ओढायला गेला की मी त्याचा हात धरतो आणि म्हणतो, "आधी खरवड."