राखून ठेवलेल्या घुगऱ्या

गृहस्थाने पैसा वाचवावा की नाही हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु भारतीय धर्मविचारात त्याच्या मुळाशी एक खरी अडचण आहे. पातंजल योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह असे पाच यम सांगितले आहेत, आणि त्यांतील अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडच्या वस्तूंचा स्वीकार व संचय न करणे. आता ज्या घरात महिनाअखेरीसाठी डाळीच्या डब्यात चार नोटा दडवलेल्या असतात, गळक्या बादलीत कोथिंबीर पेरलेली असते आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलेली असते, ते घर सतत काही ना काही राखूनच ठेवत असते. राखणे हाच परिग्रह असेल, तर काटकसरी गृहिणीकडून रोजच्या रोज एका यमाचा भंग होतो असे म्हणावे लागेल. तो परिग्रह नसेल, तर काटकसर कोठे संपते आणि साठेबाजी किंवा कृपणता कोठे सुरू होते, हे सांगावे लागेल. संन्याशाने घरच सोडलेले असल्याने त्याच्यापुरता हा प्रश्न मिटलेला असतो. तो उरतो चूल पेटवणाऱ्यांसाठी, आणि म्हणूनच त्याचे उत्तर चुलीजवळ शोधणे योग्य ठरते.

छांदोग्योपनिषदाच्या पहिल्या अध्यायात अशा एका चुलीजवळची कथा आहे. कुरुदेशातील पिके 'मटची'मुळे नष्ट झाली होती. या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यपरंपरेत विजा किंवा गारा असा केला जातो, तर काही अभ्यासक टोळधाड असा करतात. त्या दुष्काळात उषस्ती चाक्रायण हा विद्वान आपली पत्नी आटिकी हिच्यासह हत्ती बाळगणाऱ्यांच्या गावात अत्यंत हलाखीत राहत होता. एक हत्तीवाला कुल्माष, म्हणजे हलक्या कडधान्याच्या घुगऱ्या, खात बसला असता उषस्तीने त्याच्याकडे त्या मागितल्या, आणि पुढ्यात वाढून घेतलेल्या या उष्ट्या घुगऱ्यांखेरीज आपल्यापाशी काही नाही असे त्याने सांगितल्यावर त्यांतल्याच मागून घेतल्या. मग हत्तीवाल्याने पाणीही पुढे केले, तेव्हा मात्र उष्टे पाणी पिणार नाही असे उषस्ती म्हणाला. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, असे त्याला विचारण्यात आले. त्यावर त्या खाल्ल्या नसत्या तर जीव राहिला नसता, पाणी मात्र हवे तितके मिळू शकते, असे त्याने उत्तर दिले.

आपद्धर्म, म्हणजे संकटकाळापुरती दिलेली सवलत, या विषयाच्या चर्चेत ही कथा नेहमी येते, आणि चर्चा बहुधा या पाण्यापाशीच थांबते. कथेचा पुढचा भाग मात्र गृहस्थाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. खाऊन उरलेल्या घुगऱ्या उषस्तीने पत्नीसाठी आणल्या. तिला आधीच चांगली भिक्षा मिळालेली असल्याने तिने त्या घेऊन ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उषस्ती म्हणाला की थोडे अन्न मिळाले तर थोडे धनही मिळवता येईल, कारण जवळच एक राजा यज्ञ करणार आहे. तेव्हा आटिकीने कालच्या घुगऱ्या पुढे केल्या, आणि त्या खाऊन तो यज्ञाला गेला. उपनिषदाने आटिकीच्या या कृतीची स्तुती केलेली नाही आणि तिला संग्रहाचा दोषही लावलेला नाही. तिने राखले ते एका रात्रीपुरते. ज्याची भूक आधी लागणार होती त्याच्यासाठी राखले. आणि तिचे स्वतःचे पोट भरलेले होते. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर काटकसरीविषयीचा पुढचा बराचसा विचार सुकर होतो.

किती राखावे याचा विचार मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात येतो. ब्राह्मण गृहस्थाचे तेथे चार प्रकार सांगितले आहेत: 'कुसूलधान्यक', म्हणजे कणगीभर धान्य बाळगणारा, 'कुंभीधान्यक', म्हणजे मडकेभर बाळगणारा, 'त्र्यहैहिक', म्हणजे तीन दिवसांपुरते राखणारा, आणि 'अश्वस्तनिक', म्हणजे उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांतला पुढचा पुढचा श्रेष्ठ मानलेला आहे. एवढेच वाचले तर काटकसरीची पाठराखण करण्यास वाव उरत नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात उरलेले तिन्ही आश्रम गृहस्थाच्या अन्नावर जगतात, म्हणून गृहस्थाश्रम ज्येष्ठ, असेही म्हटले आहे. दारी आलेल्याला वाढायचे तर मडक्यात काही असावे लागते, आणि ज्याच्या घरी उद्याचे नाही त्याच्या घरचा अतिथी उपाशी परततो. ही विसंगती स्मृतिकाराच्या नजरेतून सुटली असे मानण्यापेक्षा ती गृहस्थजीवनातच मुरलेली आहे असे मानणे अधिक प्रामाणिक ठरेल. समर्थ रामदासांनीही दासबोधात, मिळेल तेवढे खाऊन टाकणारे कठीण काळात टिकत नाहीत, असे बजावले आहे, आणि तो इशारा घरसंसार सांभाळणाऱ्यांनाच उद्देशून आहे.

या अडचणीतून नीट वाट काढली ती जैन विचाराने. मुनीचा अपरिग्रह हे महाव्रत, तर श्रावकाचे, म्हणजे गृहस्थ अनुयायाचे, 'परिग्रह-परिमाण' हे अणुव्रत. त्यात श्रावकाने जमीन, धान्य, सोने, भांडी यांची मर्यादा स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात तर परिग्रहाची व्याख्याच 'मूर्च्छा' या शब्दाने केली आहे. मूर्च्छा म्हणजे येथे वस्तूवरची अशी आसक्ती, की जिच्यापुढे माणसाला दुसरे भान राहत नाही. ही व्याख्या स्वीकारली की प्रश्नाचे रूप पालटते. घरात किती आहे यापेक्षा, जे आहे त्याच्याशी घराचे नाते कसे आहे, याला महत्त्व येते. दहा रिकाम्या बरण्या जपणारी व्यक्ती अपरिग्रही असू शकते आणि एकाच दागिन्याचा मालक परिग्रहाने पुरता बांधलेला असू शकतो.

वस्तूशी असलेले हे नाते प्रत्यक्षात कसे दिसते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचा श्रमण काय व्यापार मांडणार आहे, असा संशय राजाला आला आणि त्याने आनंदांना एकेक प्रश्न विचारला. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना वाटली जातील; जीर्ण चीवरांची पांघरुणे होतील; जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची आंथरुणे, जुन्या आंथरुणांची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी होतील; आणि ती फडकीही विरली की कुटून, चिखलात मळून, त्या गिलाव्याने जमीन सारवली जाईल, अशी त्यांची उत्तरे होती. राजाचा संशय फिटला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या घरांनी हा क्रम कोणत्याही ग्रंथावाचून पाळला आहे. अंगावरचे लुगडे विरले की त्याचा धडका भाग काढून तान्ह्याची दुपटी व्हायची, उरलेल्याचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने गोधडी शिवली जायची, गोधडी फाटली की तिचे बसकर व्हायचे, मग पायपुसणे, मग भांडे उतरवायचे फडके, आणि अखेरीस शेणाने जमीन सारवण्याचे पोतेरे. दुधाचेही तसेच. सायीला विरजण लावायचे, ते घुसळून ताक व लोणी वेगळे करायचे, लोणी कढवून तूप करायचे आणि भांड्याच्या बुडाशी उरलेल्या खमंग तपकिरी बेरीत साखर कालवून ती मुलांच्या हातावर ठेवायची. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे निथळलेले पाणी म्हणजे कट. त्याची आमटी सणाच्या पानात पुरणपोळीइतक्याच मानाने वाढली जाते, आणि दोडक्याच्या शिरांची चटणी कित्येक घरांत दोडक्याच्या भाजीपेक्षा आवडीने खाल्ली जाते. या सर्वांत पैसा वाचतो हे खरे. पण या कृतींमागची भावना पैशाची नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावे, अशी व्रते सांगितली आहेत. बेरी खरवडणारा हात नेमके हेच व्रत पाळत असतो. 1972च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही.

साधने बदलली तरी हा विचार जुना होत नाही. डाळ तासभर भिजवून, झाकण ठेवून शिजवली की गॅस कमी लागतो. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी घालवतो. साठ वॅटच्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे 93 युनिट वीज वाचते. हे हिशेब लहान आहेत, पण गळणारा नळ ऐकू येत असूनही उठून बंद न करणारे मन लहान बाबींत जसे असते तसेच मोठ्या बाबींतही असते, आणि धर्मविचाराचा खरा संबंध त्या मनाशी आहे.

येथवर काटकसरीची बाजू झाली. आता तिच्या नावाखाली जे खपवले जाते त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, हा यम अपरिग्रहाच्या आधी येतो. महात्मा गांधींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी साप्ताहिक पत्रे लिहिली, त्यांत गरज नसलेली वस्तू घेणे हीसुद्धा चोरीच होय असे मांडून ही दोन्ही व्रते त्यांनी एकत्र जोडली. हीच कसोटी बचतीला लावली तर धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या पगारातून दोन खाड्यांचे पैसे कापून साधलेली बचत किंवा उन्हात बसलेल्या भाजीवालीशी घासाघीस करून मिळवलेले पाच रुपये यांना काटकसर म्हणता येत नाही. तेथे वस्तू वाचलेली नसते. एकाच्या गरजेतून काढून दुसऱ्याच्या डब्यात टाकलेली असते.

घराच्या आतही हाच अन्याय अधिक मुकाट्याने चालत आला आहे. ताजे सर्वांना वाढून शिळे आपल्या ताटात घ्यायचे, सायीवर मुलग्यांचा हक्क मानायचा, औषध पुढच्या महिन्यावर ढकलायचे, असा ज्या घरच्या काटकसरीचा सगळा भार एकाच बाईच्या अंगावर पडतो, त्या घराने काटकसर केलेली नसते, एका माणसाला खर्ची घातलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या या गोष्टीचे त्याग म्हणून गोडवे गायले गेले. पण त्याग हा स्वेच्छेचा असतो, आणि पर्याय नसलेल्या व्यक्तीच्या उपासाला व्रत म्हणणे हा व्रत या शब्दाचाच अवमान आहे. आटिकीने घुगऱ्या राखल्या तेव्हा ती जेवलेली होती, हा तपशील उपनिषदाने आवर्जून नोंदवला आहे, आणि तो वाचकांनी विसरू नये.

वाचलेले कोठे जाते हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश, पहिल्या दोन न साधणाऱ्याच्या धनाला तिसरी गती अटळ असते. संत तुकारामांनी सचोटीच्या व्यापाराने धन जोडावे आणि उदास विचाराने वेचावे असे शिकवले. जुन्या मराठीत 'उदास' म्हणजे खिन्न नव्हे, तर अनासक्त. 'वेचणे' या क्रियापदाचे तर मराठीत दोन अर्थ आहेत, खर्च करणे आणि एकेक करून गोळा करणे, आणि काटकसरीचे संपूर्ण शास्त्र या एका शब्दात सामावलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला तेव्हा घराघरांतून गोळा झालेल्या एकेका पैशातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. रोजच्या शिजवणीतले मूठभर तांदूळ बाजूला काढून समाजकार्याला देण्याच्या प्रथेला 'मुष्टिफंड' म्हणत, आणि पणजीतील एक शिक्षणसंस्था आजही ते नाव धारण करून आहे. रोजच्या स्वयंपाकातून एक मूठ काढल्याने कोणी उपाशी राहत नाही, आणि अशा शेकडो मुठी एकत्र आल्या की शाळा चालते.

कृपण या शब्दाचा उपनिषदांनी केलेला अर्थ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतात की अक्षर, म्हणजे अविनाशी तत्त्व, न जाणता जो या लोकातून जातो तो कृपण होय. मनुष्यजन्मासारखे धन हाती असून ज्याने ते योग्य ठिकाणी लावले नाही, तो कृपण. या व्याख्येने चिक्कूपणा हा केवळ पैशाचा दोष राहत नाही. शब्द, वेळ, माया, ज्ञान यांपैकी काहीही कुलुपात ठेवणारा कृपण ठरतो, आणि हाताशी असलेल्या प्रत्येक गोष्टीचा शेवटच्या कणापर्यंत उपयोग व्हावा म्हणून झटणारी व्यक्ती त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला उभी राहते.

उषस्ती यज्ञमंडपात पोचला तेव्हा त्याने सामगान करणाऱ्या ऋत्विजांना, म्हणजे यज्ञातील पुरोहितांना, अडवले आणि ज्या देवतेसाठी गाता तिला ओळखता काय, असे विचारले. ते गप्प झाले. राजाने त्याचा सन्मान करून इतरांइतकेच धन देण्याचे कबूल केले, आणि मग उषस्तीने त्यांना उत्तरे सांगितली. सामाच्या आरंभीच्या भागाची, प्रस्तावाची, देवता प्राण. उद्गीथाची देवता आदित्य. आणि प्रतिहार या तिसऱ्या भागाच्या देवतेचे नाव त्याने सांगितले ते होते अन्न.