मल्लाची मेहनत आणि तराजूचा काटा

शरीर हे आपले, की आपण शरीराचे, या प्रश्नाचा काथ्याकूट तत्त्वज्ञांनी पुष्कळ केला आहे. नीतिशास्त्राच्या तासाला आम्हीही तो वर्षानुवर्षे करीत आलो. परंतु ज्यांस तो प्रश्न रोज भल्या पहाटे तालमीच्या मातीत प्रत्यक्ष सोडवावा लागतो, त्या पहिलवानांचे मत घ्यावे असे आम्हांस फार उशिरा सुचले.

पहिलवानाच्या भाषेत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी यथार्थ आहे. हौद्यातली लाल माती उकरावयाची, ती पायांनी तुडवून मऊ करावयाची, मग जोर, बैठका, दोर चढणे, आणि शेवटी जोडीदाराशी झुंज. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त मल्लांचे व्यायाम नोंदविले, त्यांतही भार उचलणे, पोहणे आणि खांबावरची कसरत आहेच. आजचे शास्त्र याच गोष्टीला आकड्यांची शिस्त लावते. भार थोडाथोडा वाढवीत न्यावा, कष्टाच्या दिवसांमागे विश्रांतीचे दिवस ठेवावे, लढत जवळ येईल तसतसा श्रमाचा बोजा कमी करावा. कारण स्नायू बळावतात ते श्रम चालू असताना नव्हे, तर त्यानंतरच्या अन्नाने व झोपेने. ॲरिस्टॉटलने मध्यम मार्गाची चर्चा करिताना ग्रीक मल्ल मिलो याचे उदाहरण घेतले आहे: जो आहार मिलोला अपुरा, तोच नवशिक्याला फार. तात्पर्य, खऱ्या मेहनतीत देहाची संमती पदोपदी घ्यावी लागते. ती न घेता पुढे धावणाऱ्याला दुखापत गाठतेच. म्हणून जोर मारणारा मनुष्य देहाला गुलाम करितो, हा पुस्तकी लोकांचा आक्षेप आम्हांस पटत नाही. तालमीत सगळेच सोन्याचे होते असेही नव्हे. कुस्ती सुटल्यावर न सुटलेल्या खुराकाने थोराड झालेले जुने मल्ल कोणी पाहिले नाहीत?

खरी अडचण पुढेच आहे. मातीच्या कुस्तीत जोड पुष्कळदा नजरेने लावीत; दोन गडी समोरासमोर उभे केले की जाणत्यास अंदाज येई. आंतरराष्ट्रीय कुस्तीत हे काम तराजूकडे गेले, आणि ते न्यायाचेच झाले. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सर्वांत हलक्या गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. वजनाचे गट नसते, तर त्यांच्या अंगकाठीच्या मनुष्यास जगाच्या फडात कोणी उभे केले असते? तेव्हा तराजूशी आमचे वैर नाही.

वैर आहे ते तराजूला फसविण्यासाठी देहाला फसविण्याशी. स्वाभाविक वजनापेक्षा खालच्या गटात उतरावे, म्हणजे प्रतिस्पर्धी आपल्याहून लहान मिळेल, असा हा हिशेब. चरबी उतरण्यास आठवडे लागतात. तेवढा अवकाश नसतो, म्हणून अंगातले पाणी काढतात. जेवण बंद, पाणी बंद, अंगावर जाड कपडे चढवून धावणे, वाफेच्या खोलीत बसणे. रक्तातला द्रवांश घटतो, हृदयास अधिक कष्ट पडतात, आणि वजन झाल्यानंतरच्या थोड्या तासांत ही हानी पुरती भरून येत नाही. महिनोगणती मेहनतीने जे मिळविले, त्याची एका रात्रीत नासाडी करावयाची. आणि तीही बळाच्याच नावाने!

देह त्याचा, निर्णय त्याचा. आपण बोलणारे कोण, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. पण जत्रेतल्या फडाचे दृश्य आठवावे. पुढचे लोक उभे राहिले की मागच्यांस उभे राहावे लागते, आणि अखेर सगळेच उभे राहून, पाय दुखवून, पूर्वीइतकेच पाहतात. एकाने वजन उतरविले तर त्याचा लाभ. सर्वांनी उतरविले की लाभ कोणाचाच नाही, हानी मात्र सर्वांची. बसून राहणारा तेवढा मागे पडतो. अशा ठिकाणी ‘स्वेच्छा’ या शब्दाचे वजनही तपासून घेतले पाहिजे.

१९९७ सालच्या अखेरीस अमेरिकेत अशाच खटाटोपात तीन तरुण मल्ल दीड महिन्याच्या आत मरण पावले. तिघेही महाविद्यालयांचे विद्यार्थी होते, हे आम्हांस विशेष लागते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख व वाफेच्या खोल्या वर्ज्य झाल्या, वजन लढतीच्या अगदी जवळ होऊ लागले, आणि प्रत्येकाने किती खाली उतरावे याची मर्यादा शरीर तपासून आधीच ठरू लागली. उपदेशाने जे झाले नव्हते ते नियमाने पुष्कळ अंशी झाले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगताना स्वतःस पीडा देऊन केलेले तप तामस ठरविले आहे. मग पॅरिसच्या त्या रात्रींस काय म्हणावे? २०२४ च्या ऑगस्टमध्ये विनेश फोगाट यांनी ५० किलोच्या गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, रात्रभर वजन उतरविण्याची शिकस्त केली, केसही कापले. सकाळी काटा १०० ग्रॅम पुढे गेला आणि अंतिम लढत हातची गेली. दोनच दिवसांनी अमन सहरावत यांनी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरविल्याचे सांगण्यात आले. ते गटात बसले आणि कांस्यपदक घेऊन आले, तेही खाशाबांच्याच ५७ किलोंत. एकीसाठी देश हळहळला, दुसऱ्याच्या रात्रीची पराक्रम म्हणून गोष्ट झाली. वस्तुतः दोन्ही रात्री एकाच जातीच्या. त्या दोघांस तामस म्हणण्याची आमची छाती नाही. पण आम्ही प्रेक्षकांनी कौतुक आणि करुणा ही दोन्ही काट्याकडे पाहून वाटली. अशा रात्री असाव्यातच का, हे फार थोड्यांनी विचारले.

आम्हीही तेव्हा विचारले नव्हते. मग एके सकाळी तासाला पहिल्या बाकावरचा एक विद्यार्थी ओठ सुकलेला, डोळे खोल गेलेला दिसला. विषय नेमका कांटचा होता. मनुष्यास, आणि त्यात आपण स्वतःही आलो, केवळ साधन मानू नये, हे आम्ही मोठ्या आवेशाने सांगत होतो. तास संपल्यावर त्यास थांबवून विचारले. दुसऱ्या दिवशी त्याची स्पर्धा होती.

“सर,” तो म्हणाला, “५७ मध्ये बसलो नाही तर ६१ मध्ये मला कोण विचारतो? तिथे येणारी पोरं ६६ ची असतात.”

या गणितात आम्हांस चूक काढता आली नाही. आम्ही पाण्याचा पेला पुढे केला. त्याने नमस्कार करून तो घेतला, एक चूळ भरली, आणि खिडकीपाशी जाऊन तेवढे पाणी बाहेर टाकून दिले.