हे लेकरू कोणाचे कर्म फेडते आहे?

धम्मदीक्षा घेतली, देव्हारे काढले, उपासतापास सोडले. पण 'मागल्या जन्मीचे भोग' हे शब्द आपल्या घरांतून गेले काय?

भिवंडीतील एका बौद्ध कुटुंबात गेलो असता हा प्रश्न मला पडला. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. आत खाटेवर सात वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सीने अंग ताठरलेले, मान धरवत नाही, घास नीट गिळवत नाही. अशा मुलांना जोराने खोकता येत नाही. कफ छातीतच साचतो, अन्नाचे कण श्वासनलिकेत जातात आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. आई त्याला कुशीवर निजवून, हाताची ओंजळ करून, बरगड्यांवर थोपटीत होती. फिजिओथेरपिस्टने तिला ते शिकविले होते. आजी म्हणाली, "कशाला जिवाला तरास करून घेतीस? गेल्या जन्मीचं फेडतंय लेकरू."

भिंतीवर तथागत व बाबासाहेब होते!

आजीला मी दोष देत नाही. याच शब्दांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले. परंतु सर्व दुःख पूर्वकर्मानेच येते हे म्हणणे तथागतांनी मोलियसीवक परिव्राजकाजवळ नाकारले आहे. त्यांनी सांगितलेल्या कारणांत पित्त, वात, ऋतुपालट आहेत आणि कफही आहे. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त अन्यायाचा म्हणून फेटाळला आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. मूल बरे होणार नाही, मग रोज थोपटून उपयोग काय? विनयपिटकात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी का पाहिले नाही? तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून. तथागतांनी हा हिशेब मानला नाही. आनंदासह त्यांनी त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. श्वास मोकळा झाल्यावर त्या मुलाला झोप लागली, ती मी पाहिली. उपयोग विचारणाऱ्याने ती पाहावी.

मात्र हे काम एकट्या आईचे का? बाप पाळीवरून येऊन निजतो. करुणेची प्रतिज्ञा काय फक्त बायकांनी घेतली होती? त्यानेही शिकावे. जाणकाराकडून शिकल्याशिवाय कोणी करू नये. जेवण झाल्याबरोबर थोपटू नये, कण्यावर व पोटावर तर नाहीच. ओठ निळे पडले, श्वासाला धाप लागली, तर थोपटीत बसू नये. मुलाला तडक रुग्णालयात न्यावे.