गुळवेलीला विचारलेला प्रश्न

डहाणू तालुक्यातल्या वाणगाव स्टेशनावरून पूर्वेला निघालं की मिरचीच्या वाड्या मागे पडतात आणि वारल्यांचे पाडे लागतात. या पट्ट्यात आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली गुळवेल नवी नाही. ताप हटेना की तिचा काढा करायचा, हे आजीनं सांगितलेलं असतं किंवा भगतानं. त्यांचा शब्द ही तिथल्या माणसाची मोठी ठेव. मग त्या शब्दाला कुणी पुरावा मागितला, तर तो श्रद्धेचा अपमान होतो का?

या प्रश्नाला एका प्राध्यापिकेनं आपल्या कामातून उत्तर दिलं. तिच्या आडनावातच डहाणू होतं. डॉ. शरदिनी डहाणूकर मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात औषधशास्त्र शिकवीत. मराठी वाचक त्यांना ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून ओळखतो. झाडांवर जीव जडलेली ही बाई वर्गात मात्र औषधाची मात्रा, परिणाम आणि अपाय शिकवीत असे. प्रेम आणि परीक्षा त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली नाहीत.

त्यांच्या चमूनं गुळवेल प्रयोगशाळेत आणली आणि तिथून रुग्णाच्या खाटेपर्यंत नेली. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावते, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग त्यांचा घास घेतो. केईएमचे शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांच्यासह केलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० रुग्णांचे दोन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्याच उपचारांच्या जोडीला गुळवेल. पित्ताचा निचरा झाल्यावर पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांत रक्तातल्या जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, दुसऱ्यात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

आकडे थक्क करणारे आहेत, पण रुग्ण तीसच. एवढ्यावर जयघोष करायचा नसतो, पुढचा अभ्यास आखायचा असतो.

इथे नीतीचा पेच उभा राहतो. वेल गुणकारी आहे असं वाटत असताना निम्म्या रुग्णांना ती न देणं योग्य का? पण ‘वाटतं’ आणि ‘माहीत आहे’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर रुग्णाच्या शरीरावर उमटतं. तुलना केलीच नाही, तर पुढच्या हजारांना आपण केवळ स्वतःची समजूत पाजत राहू.

परंपरेचाही याला विरोध नाही. चरकसंहितेनं सत्य पारखण्याच्या चार वाटा सांगितल्या: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. आप्ताच्या, म्हणजे विश्वासू जाणत्याच्या शब्दाला तिथे मान आहे, पण तो शब्द एकटा नाही, त्याच्या शेजारी आणखी तीन वाटा आहेत. वैद्यांनी एकमेकांशी वाद कसा करावा, मित्रभावाचा संवाद कोणता आणि कुरघोडीचा कोणता, हेही त्याच ग्रंथात आहे. डहाणूकरांनी डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासह १९८९ मध्ये ‘आयुर्वेद रिव्हिजिटेड’ हे पुस्तक लिहिलं, ते अशा मित्रभावाच्या संवादासाठीच. आयुर्वेदाला हसणाऱ्यांना आणि त्याला प्रश्न विचारू न देणाऱ्यांना, दोघांनाही त्यात बसायला जागा होती.

डहाणूकर २००२ मध्ये गेल्या. करोनाच्या साथीत गुळवेल घराघरांत पोचली, अनेकदा ना मात्रा ठरवून, ना मुदत. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: वेल नक्की गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खातरजमा झालेली नाही. हा आक्षेप योग्यच होता. पण तीच खातरजमा बाजारात पुडी विकतानाही व्हायला हवी होती.

उद्या वाणगावच्या पाड्यातली एखादी मुलगी डॉक्टर होऊन परतली, तर भगतासमोर बसून तिला नम्रपणे विचारावं लागेल: बाबा, ही वेल कोणत्या झाडावरची घेता, पान घेता की खोड, किती, किती दिवस, आणि कुणाला देत नाही?