उजेड कुणाच्या नावावर?



आभाळात एखादा उजेड दिसला आणि तो कशाचा हे कळलं नाही, तर माणसानं काय करावं? हा रिकामटेकड्यांचा प्रश्न आहे असं आपल्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटतं. गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात, गायरानावरची झोपडी पाडली जाते, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि हा गडी तारे मोजत बसलाय! असं तोंडावर म्हणणारे माझे दोस्त आहेत. मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. कारण माझं म्हणणं असं की, न कळलेला उजेड फुकट जात नाही. त्याची किंमत कुणाकडून तरी वसूल होते. ती कुणाकडून होते हे बघायला लागलं की हा प्रश्न आभाळातून थेट आपल्या वस्तीत उतरतो.

२ एप्रिल २०२२. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी गावोगावी नव्या सालाचं पंचांग वाचलं गेलं. पाऊस किती, धान्य कसं, यंदाचा राजा कोणता ग्रह, मंत्री कोणता ग्रह, सगळं ठरलेलं. आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला विदर्भाच्या आभाळातून आगीचे गोळे सरकत गेले. एकामागं एक, ओळीनं, शेपट्या सोडत. जळगाव, बुलढाणा, अकोल्यापासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत लोकांनी बघितलं, मोबाईलवर चित्रण केलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी म्हणून गाव आहे. तिथं घरांच्या मागच्या मोकळ्या जागेत तीनेक मीटर रुंदीचं धातूचं कडं येऊन पडलं. पवनपारच्या बाजूला धातूचा पोकळ गोळा सापडला. कुणाला इजा झाली नाही हे नशीब म्हणा, योगायोग म्हणा. कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं. सकाळच्या पंचांगात या पाहुण्याचं नाव नव्हतं.

तेव्हा अमेरिकेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री सांगितलं की, माझ्या मते हा चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा आहे. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. काम संपलेला हा टप्पा चौदा महिने पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारत होता. दर फेरीत पृथ्वीजवळ आला की विरळ हवेला घासायचा, थोडा वेग गमवायचा, थोडा खाली यायचा. शेवटी दाट हवेत शिरला, तापला, फुटला, पेटला. नंतर इस्रोची माणसं येऊन तुकडे बघून गेली.

आता दुसरी गोष्ट ऐका. शहरातली सुखवस्तू माणसं पैसे मोजून रानात तंबू ठोकून झोपायला जातात. त्याला कॅम्पिंग म्हणतात म्हणे. आमची मावशी दरसाल पाच-सहा महिने तसलंच करते, फक्त तिला त्याचं नाव माहीत नाही. ती ऊस तोडते. पाचटाची कोपी, समोर चूल, वर आभाळ. त्या साली ऊस उदंड होता, एप्रिल लागला तरी फड उभे होते. मावशीची टोळी नांदेड जिल्ह्यात हदगावच्या बाजूला होती. उत्तरेकडून तो उजेड सरकत गेला तेव्हा ती भाकरी थापत होती. "काय व्हतं की बाबा, आभाळाला कुनी तरी चरा वढल्यावानी," एवढंच ती सांगते.

टोळीत एक विधवा बाई होती. एकटी, म्हणजे अर्धा कोयता. तिची त्या दिवशी पाळी आली होती आणि तरी ती मोळ्या बांधायला फडात उतरली होती. न उतरून कुठं जाते? रात्री कोप्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. काहीतरी विटाळलंय. मुकादमानं सकाळी तिला कामावरून बाजूला काढलं आणि दोन दिवसांचा खाडा तिच्या नावावर मांडला. पाचशे रुपये रोज याप्रमाणे हजार रुपये उचलीत चढले. तोवर टीव्हीवर रॉकेटची बातमी येऊन गेली होती. मुकादमाच्या मोबाईलवरसुद्धा. खाडा वहीत तसाच राहिला.

मुकादम पाटलाचा-देशमुखाचा पोरगा असेल असं तुम्ही मनात धरलं असेल. नव्हता. तो आपलाच. १४ एप्रिलला गळ्यात निळा गमछा घालून मिरवणुकीच्या पुढं असतो. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या त्याला पाठ आहेत. मी त्याला शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस एका रात्रीत विटाळापाशी कसा परत जातो, हे मला समजून घ्यायचं आहे.

मला वाटतं ते असं. माणसाला 'माहीत नाही' हे शब्द सोसत नाहीत. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. मग तो घाईघाईनं अर्थ शोधतो, आणि अर्थ म्हणून त्याला सापडतो तो आरोपी. आरोपी कोण, हे परंपरेनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. लोणारचं सरोवर घ्या. मराठवाड्याच्या उंबऱ्यावरच आहे. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा बेसॉल्टच्या कातळात आभाळातून पडलेल्या दगडानं झाला, हे १९७३ साली तिथल्या धक्का बसलेल्या खनिजांवरून शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याआधी शेकडो वर्षं कथा काय सांगत होती? तिथं लवणासुर राहायचा, विष्णूनं त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे, कोरीवकाम बघण्यासारखं आहे हे कबूल. पण बघा, दगड वरून पडला आणि गुन्हेगार ठरला तो खड्ड्यातला!

भानामती तर आपल्या लातूर-नांदेडला सांगायला नको. घरावर दगड पडतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात. दगड कुणी मारले हे शोधण्याऐवजी 'करणी कुणी केली' हे शोधायचं. मग बोट जातं ते गल्लीच्या टोकाला एकटी राहणाऱ्या बाईकडं, नाहीतर आपल्या वस्तीकडं. रानात रात्री हलता उजेड दिसला की तो आग्या वेताळ, वेताळाची पालखी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या तेव्हा कुठं जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा चांगला आहे. पण तो छळ झाल्यावर, तक्रार झाल्यावर धावून येतो. कोपीत रात्री कुजबुज चालते तिथं तो नसतो. तिथं एखाद्यानं "अरे थांबा, आपल्याला माहीत नाही" एवढं म्हटलं असतं तर त्या बाईचे हजार रुपये वाचले असते. म्हणून मी म्हणतो, 'माहीत नाही' म्हणणं हे ज्ञानाचं काम आहे त्याहून जास्त न्यायाचं काम आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल की अडाणी लोकांना उजेडाची भीती वाटतेच. आमची आजी नांदेड जिल्ह्यातली. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं. त्या दिवसांत आजी कडेवर लेकरू घेऊन पिकात लपून बसलेली. लांबून उजेड हलताना दिसायचा. तो उजेड कशाचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. पलिते कुणाच्या हातात आहेत, कुठल्या वस्तीकडं चाललेत, तिला ज्योतिषी लागला नाही. आमच्या बायामाणसांनी उजेड बघून जीव मुठीत धरला तो वेताळामुळं नाही. पिढ्यानपिढ्या येसकर म्हणून गावाची जागल आम्हीच केली. गाव झोपायचं, आमचा माणूस आभाळाखाली जागा असायचा. रात्रीचं आभाळ त्याच्याइतकं कुणी बघितलं असेल? पण तू काय बघितलंस, असं त्याला कुणी विचारलं नाही.

आता खरा अवघड मुद्दा. लातूरला डाळ मिलमध्ये रात्रपाळीला माझ्यासोबत एक पोरगा असतो, बारावी सायन्स. तो मला म्हणाला, "मुकादमानं विटाळ म्हटलं ते त्या बाईनं ऐकलं. अमेरिकेतल्या माणसानं रॉकेट म्हटलं ते तू ऐकलंस. तू तरी कुठं वर जाऊन बघून आलास? फरक काय?"

या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नका. आपण बहुतेक गोष्टी दुसऱ्याच्या तोंडूनच मानतो. पृथ्वी गोल आहे हे सुद्धा. ग्रंथप्रामाण्य सोडून मोबाईलप्रामाण्य धरलं तर फक्त भट बदलला. बुद्धानं केसपुत्तला कालामांना सांगितलं ते आपण भाषणात नेहमी सांगतो, की परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. ते शास्त्रज्ञालाही लागू आहे. तिथं सवलत नाही.

मी त्याला मिलमधलंच सांगितलं. तुरीचं पोतं आलं की मालक पोतं कुणाचं आहे बघून भाव देत नाही. टोकदार नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे बाहेर काढतो, ओल बघतो, खडा बघतो. व्यापारी कितीही मोठा असो, नळी खुपसू देत नसेल तर ते पोतं घ्यायचं नाही. मॅकडॉवेल यांनी 'माझ्या मते' म्हटलं. कुठलं रॉकेट, कधी उडालेलं, हे सांगितलं. म्हणजे नळी कुठं खुपसायची ती जागा दाखवली. त्या वेळी तो टप्पा दुसरीकडंच असता तर त्यांचं म्हणणं पडलं असतं. मुकादमाच्या म्हणण्यात अशी जागा कुठं आहे? काय घडलं असतं तर त्या बाईचा विटाळ खोटा ठरला असता? काहीच नाही. पोतं शिवलेलं आहे.

आणि थोडं तर आपण स्वतः करू शकतो. उजेड दिसला की आधी आकडे मोजा. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगानं येते. बहुतेक वेळा दोन-चार आकड्यांत खेळ संपतो. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं येतो, त्यामुळं तो सावकाश, रेंगाळत जातो आणि फुटलेले तुकडे एकाच दिशेनं सोबत चालतात. पाडव्याच्या रात्रीची चित्रणं काढून बघा, अगदी तसंच आहे. सूर्य मावळल्यावर मण्यांच्या माळेसारखे ठिपके ओळीनं जाताना दिसले, तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह. २०१९ पासून ते सोडले जात आहेत. खाली अंधार झाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, ते त्यांच्यावर पडतं. पश्चिमेला न लुकलुकणारा ठळक उजेड असेल तर शुक्र असेल. यातलं काहीच जुळलं नाही तर वेळ, दिशा, किती आकडे मोजले हे लिहून ठेवा आणि म्हणा, माहीत नाही. ती लाजेची गोष्ट नाही.

पण नळी हातात यायला पाहिजे ना! मेघनाद साहा हे नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, एका किरकोळ दुकानदाराच्या घरी जन्म. जात खालची मानलेली. कलकत्त्याला वसतिगृहात वरच्या जातीची पोरं त्यांना पंगतीला घेत नव्हती. या माणसानं १९२० साली असं समीकरण मांडलं की ताऱ्याच्या उजेडातल्या रेघांवरून तो तारा किती तापला आहे हे काढता यावं. जगभरच्या खगोलशास्त्राला ते लागलं. पंगतीबाहेर बसवलेल्या पोरानं ताऱ्यांचा ताप मोजला. सगळं वेदांतच आहे असं सांगणाऱ्यांशी ते छापील वादात भिडले. पुढं देशाचं पंचांग सुधारणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच झाले.

साहा एखादाच होतो. आपल्या आश्रमशाळेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळेच्या खोलीला कुलूप असतं आणि आत पोषण आहाराची पोती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या पोराला तपासून बघ म्हणणं ही थट्टा आहे. त्याच्या वाट्याला विश्वास ठेवणं एवढंच येतं, आणि मग तो भटावर ठेवतो, मोबाईलवर ठेवतो, आपल्या पुढाऱ्यावर ठेवतो. म्हणून प्रयोगशाळेची किल्ली मागणं हा आपल्या मोर्चातल्या मागण्यांमध्ये शेवटचा, तोंडी लावायचा मुद्दा नाही. गटारात उतरणाऱ्याला आतला वायू मोजणारं यंत्र का मिळत नाही, हा प्रश्नही त्याच कुलपाचा आहे.

आणखी एक. १९७२ पासून अमलात असलेला आंतरराष्ट्रीय करार आहे. एखाद्या देशानं सोडलेल्या वस्तूचा तुकडा जमिनीवर पडून नुकसान झालं तर त्या देशानं भरपाई द्यायची. त्याची चूक सिद्ध करायचीसुद्धा गरज नाही. जानेवारी १९७८ मध्ये रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, १९८१ साली तीस लाखांवर मिटलं. म्हणजे वरून पडणाऱ्याची जबाबदारी वरच्यावर टाकता येते! मात्र दावा सरकारनं सरकारवर करायचा. लाडबोरीच्या एखाद्या घरावर ते कडं पडलं असतं तर त्या माणसाला आधी मुंबई-दिल्लीला पटवावं लागलं असतं.

हे सगळं मी मावशीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तिचे हजार रुपये कोन देनार? चीन का मुकादम?"

मुकादम. ती बाई अजून त्याच टोळीत जाते. या हंगामाच्या शेवटी उचलीचा हिशेब होईल त्या दिवशी वही उघडून ती ओळ वाचायला चार लिहिता-वाचता येणारी पोरं फडावर पाहिजेत. मी रजा टाकणार आहे. तीन जण हवे आहेत.